जळकोट ते कृष्णाकाठ : झोळीतल्या लेकरासह पाच महिने

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की नळदुर्गच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर आमचे जळकोट लागते. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे, ते तालुक्याचे ठिकाण. त्यामुळे गावाचे नाव सांगताना ‘नळदुर्गजवळचे’ हे शेपूट आम्हाला जोडावेच लागते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी हे दोन धबधबे कोसळू लागले की माणसे लांबून पाहायला येतात. तेथून पुढे जळकोटला उतरण्याचे त्यांना काही कारण पडत नाही. आमचे मात्र सारे येथेच : आईचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, वस्तीतले विहार आणि आमच्या लेकीचा पाळणा.

आपल्या मंडळींपैकी कोणी दुबईला, कोणी लंडन-अमेरिकेला गेले. तेथे बाळ कसे वाढवले, त्याच्या हकिगती वाचायला आम्हाला आवडतात. आमचा परमुलूख तेवढा लांबचा नाही. जळकोटपासून दोनशे किलोमीटरच्या थोडे पुढे, कर्नाटकातला कृष्णाकाठ. पासपोर्ट लागत नाही. पण भाषा निराळी, पाटी वाचता येत नाही, ओळखीचे कोणी नाही, मजुरीचा पैसा आधीच घेऊन खर्च झालेला आणि कडेवर तीन महिन्यांचे लेकरू, अशा स्थितीत पाच महिने संसार केला की परदेश म्हणजे काय ते थोडेफार कळते.

लेक २०२२ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या आठवड्यात जन्मली. त्याआधीच घराचे पत्रे बदलण्यासाठी आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही मुकादमाकडून सत्तर हजारांची उचल घेतली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर मिळते, फिटतेही कोयत्यावरच. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. म्हणजे बाळाच्या आईने घरी राहायचे ठरवले असते तर अर्धी उचल परत करावी लागली असती, आणि ती तर पत्र्यात गेलेली. अंगावर पिणारे लेकरू मागे ठेवता येत नाही. तेव्हा तिघांनी जायचे, हे आम्ही ठरवले असे म्हणता येणार नाही, ते ठरूनच गेले होते.

त्या वर्षी अशोक विजयादशमी ५ ऑक्टोबरला होती. विहारात वंदना झाली, पांढऱ्या कपड्यातल्या लेकीला सगळ्यांनी घेतले, आणि घरी येऊन आम्ही दोघे गप्प बसलो. तेव्हा आजी म्हणाली, “छपरात लेकरू जगतंय रं. भुकंपाच्या टायमाला तू दोन म्हयन्याचा व्हतास. दिवाळीपस्तोर आंगणात निजलो आपण. काय झालं का तुला?” ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला तेव्हा आमच्या गावच्या घरांनाही हादरे बसले होते. पुढे कित्येक दिवस लोक घरात निजायला धजत नव्हते. ज्या तान्ह्याची ती गोष्ट, तो आता बाप झाला होता. आजीने जुनी सुती साडी चौपदरी शिवून झोळी करून दिली. दोन्ही टोकांना सुंभाऐवजी नाड्याची जाड दोरी लावली. सुंभ काचतो, कुजतो आणि एक दिवस तुटतो, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ट्रक आला. ज्वारीचे पोते, पिठाचा डबा, भांडी, ताडपत्री, दोन कोंबड्या, एक शेळी आणि सहा कुटुंबे. नळदुर्ग, सोलापूर, मग दक्षिणेकडचा रस्ता. टाकळीजवळ पुलावरून नदी ओलांडली की कर्नाटक सुरू होते. ही नदी भीमा आहे असे ड्रायव्हरने सांगितले तेव्हा ट्रकमधला एक म्हातारा मोठ्याने “जय भीम” म्हणाला आणि सगळे हसले. त्या प्रवासातले हसणे तेवढेच. लेक मात्र ट्रकच्या हेलकाव्यात गाढ झोपली होती; थांबला की जागी व्हायची.

विजापूर पहाटे आले. २०१४ पासून त्याचे नाव विजयपुरा आहे, पण आमच्याकडे अजून विजापूरच म्हणतात. आमच्याही जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली धाराशिव झाले. अंधुक उजेडात गोल घुमटाचा काळा गोळा दिसला. आमच्या नळदुर्गचा पाणीमहाल ज्या आदिलशाहीत बांधला गेला, तिची ही राजधानी. आणि हा घुमट म्हणजे मोहम्मद आदिलशहाची कबर. आत बारीक बोललेलेही फिरून फिरून ऐकू येते म्हणतात. आम्हाला ते ट्रकच्या फाळक्यावरून दिसले तेवढेच. पुढे जमखंडीच्या वाटेवर चिक्कपडसलगीला कृष्णा लागली. तेथला बंधारा शेतकऱ्यांनी सरकारची वाट न पाहता वर्गणी काढून, श्रमदान करून १९८९ साली बांधला. त्याला श्रमबिंदू सागर म्हणतात, हे आम्हाला मागाहून शेतमालकाच्या मुलाने सांगितले. नाव ऐकून बरे वाटले. त्याच पाण्यावर पिकलेला ऊस तोडायला आम्ही आलो होतो.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून वर ताडपत्री आणि पाचट. माणूस वाकूनच आत जातो. चूल बाहेर मांडायची, हा आमच्या कोपीचा पहिला नियम, कारण पाचटाला ठिणगी पुरते. आत झोळी बांधायला मजबूत असे काही नव्हते, म्हणून जमिनीवरच गोणपाट, त्यावर गोधडी, त्यावर लेक.

दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. भाकरी थापायच्या, लेकीला पाजायचे, अंधारातच फडात जायचे. ऊस तोडायचा, पाला काढायचा, शेंडा छाटायचा, मोळ्या बांधायच्या. आम्हा दोघांचा मिळून दिवसाला दीड ते दोन टन ऊस व्हायचा. संध्याकाळी ट्रॉली भरायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचे आणि फेकायची. गाडी रात्री नऊला आली तर रात्री नऊला भरायची. मजुरी टनावर असते. लेकराला पाजायला बसलेल्या वेळेचा टन होत नाही.

पाजणे हेच मोठे काम होते. उसाच्या पानाला बारीक कूस असते, ती अंगाला लागली की आग होते. बाळाच्या आईने साडीवर बापाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असायचा. दर वेळी शर्ट काढायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, छाती ओल्या फडक्याने पुसायची, मग पोरीला जवळ घ्यायचे. पहिल्या आठवड्यात एकदा घाईने तसेच घेतले, तर पोरीच्या गालावर पुरळ उठले. तेव्हापासून पाण्याचा एक कॅन फक्त त्यासाठी वेगळा ठेवला. लेकरू पाजणाऱ्या बाईला दिवसातून दोनदा मधली सुट्टी द्यावी, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, अशी तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्याच्याही किती आधी, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या देशाचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या फडात मालक कोण, कारखाना की मुकादम की शेतकरी, हेच कोणाला नक्की सांगता यायचे नाही. सुट्टी मागायची कोणाकडे?

झोळी फडात उपयोगी पडली. झाड नसले की उभ्या ट्रॉलीच्या दांडीला बांधायची. पण ट्रॅक्टर कधी हलेल याचा नेम नसतो, म्हणून झोळीपाशी कोणीतरी बसलेलेच पाहिजे. तेथे शेजारच्या कोपीतली नऊ वर्षांची मुलगी बसायची. तिला आम्ही सांगितले नव्हते. पहिल्याच दिवशी ती आपणहून येऊन दोरी धरून बसली, कारण मागच्या दोन वर्षी तिने आपला भाऊ असाच सांभाळला होता. ती चौथीत हवी होती. झोळी हलवताना पाढे म्हणायची. दोनापासून बारापर्यंत, मग पुन्हा दोनापासून. बाळाची आई दहावीपर्यंत शिकलेली. एकदोनदा तिने तेराचा पाढा शिकवायला घेतला, पण रात्री आठला परतून चूल पेटवणाऱ्या बाईकडून शिकवणी होत नाही. पाच महिने आमची लेक त्या अकरा पाढ्यांवर झोपली. जाताना आम्ही तिच्या आईला काही पैसे देऊ केले. ती म्हणाली, “पैसं कशाचं वयनी? पोरीच तर खेळल्या.”

ही गोष्ट आम्हाला अजून टोचते. आमची पोर सुखरूप परत आली असे आम्ही चारचौघांत सांगतो. ते खरेच आहे. पण तिच्या झोळीसाठी दुसऱ्याच्या पोरीची शाळा गेली, हे सांगायचे राहून जाते. म्हणून २०२३ च्या दसऱ्यानंतर आम्ही दोघे गेलो नाही. बाळाची आई जळकोटला राहिली, बाप एकटाच अर्धा कोयता म्हणून गेला आणि उचल फिटायला दोन हंगाम जास्त लागले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या कारखान्यांपुरती तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. त्याने थोडा आधार आला, पण आमचा गट त्या वर्षीही कर्नाटकातच होता. बाप सांगत होता, ती मुलगी ट्रकमध्ये होती. झोळीत आता तिच्या मावशीचे बाळ होते. मुलांना गावातच ठेवायचे झाल्यास हंगामी वसतिगृहाची सोय असते. आपल्या गावच्या शाळेत दसऱ्यापूर्वीच विचारावे, ट्रक आल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता दुधातल्या शेजारणीविषयी. फडाच्या मालकाची आई, सगळे तिला अव्वा म्हणत. वस्तीवर तिच्या दोन म्हशी होत्या. आम्हाला कानडी अगदीच परकी नव्हती. आमच्याकडच्या बाजारात ती कानावर पडते, पण बोलता येत नाही. अव्वाकडून पहिले शब्द शिकलो ते बाळाचेच : कूसु म्हणजे तान्हे बाळ, हालु म्हणजे दूध, अळबेडा म्हणजे रडू नको. तिने पहिल्याच आठवड्यात आमची जात विचारली. आम्ही “जय भीमवाले” म्हणालो. त्यानंतर ती आम्हाला पाणी द्यायची ते लोटा उंच धरून, वरून. आमची ओंजळ खाली. लेक मात्र जानेवारीत पालथी पडून सरकू लागली आणि एके दिवशी सरळ अव्वाच्या लुगड्याला लोंबकळली. म्हातारीने तिला उचलले, मांडीवर घेतले, पायाला तेल लावले. पुढे रोजच घ्यायची. लोटा मात्र शेवटपर्यंत वरूनच. दोन्ही गोष्टी त्याच हातांनी होत होत्या.

फेब्रुवारीत लेक सहा महिन्यांची झाली. तोवर तिला आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही दिला नव्हता, कारण जळकोटच्या आशाताईंनी निघताना तसे बजावले होते. आता मऊ भात, वरणाचे पाणी, ज्वारीच्या कण्यांची पेज सुरू केली. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री जुलाब लागले. मध्यरात्रीपर्यंत सहा-सात वेळा. ओठ सुकले, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. शेजारचा एक जण म्हणाला, उसाचा रस पाजा. ते आम्ही केले नाही. साखर-मिठाचे पाणी ठाऊक होते : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाणी उकळले. मीठ होते. साखर नव्हती. बाजार दोन दिवसांवर होता आणि डबा संपलेला. समोर ट्रॉलीत आम्हीच तोडलेला ऊस भरून उभा होता, कारखान्याचे भोंगे कोपीत ऐकू यायचे, आणि मूठभर साखरेसाठी आम्ही कोप्या धुंडाळत होतो. सहाही कुटुंबांकडे नव्हती. जी होती ती संध्याकाळच्या चहात गेली होती.

बाप अव्वाच्या दारात गेला. कुत्री भुंकली. काय म्हणावे ते सुचेना. “अव्वा, कूसु... साखर,” एवढेच म्हणाला. कानडीत तिला सक्करे म्हणतात, तेव्हा तिला कळले. तिने कंदील घेतला आणि साखरेचा डबाच घेऊन कोपीत आली. खाली बसली, वाटी-चमच्याने रात्रभर घोट घोट पाणी पाजायला मदत केली, मध्ये मध्ये आईला अंगावर घ्यायला लावले.

सकाळी गाडी भरायची होती. मुकादम म्हणाला, आधी गाडी, मग दवाखाना. नाही तर खाडा. खाड्याचे दिवसाला पाचशे कापले जायचे, दोघांचे हजार. आम्ही दोघेही गेलो. ते हजार हिशेबात कापले गेले, हे येथे नोंदवून ठेवतो.

सरकारी दवाखान्यात नर्सबाईंना मराठी येत नव्हते, आम्हाला कानडी. बाळाच्या आईने पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढले. त्यावरची अक्षरे त्यांच्या उपयोगाची नव्हती, पण रकाने तेच होते. कोठे वजन, कोठे पेंटाव्हॅलंट, कोठे पोलिओ, हे त्यांना जागेवरून कळत होते. नोव्हेंबरमध्ये चौदाव्या आठवड्याचा डोस आम्ही येथेच घेतला होता, त्याची नोंद आणि कानडी शिक्का त्यांनीच मारलेला. तो ओळखून त्या हसल्या. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, वजन केले, जलसंजीवनीची पाकिटे दिली, झिंकच्या गोळ्या चौदा दिवसांच्या दिल्या. बोटांवर चौदा मोजून दाखवले, जुलाब थांबले तरी चौदा. एक पैसा लागला नाही. तिसऱ्या दिवशी पोर पेज मागू लागली. त्यानंतर कोपीत बाळासाठी म्हणून साखरेची एक पुडी वेगळी बांधून ठेवली, तिला चहासाठी हात लावायचा नाही.

जाणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. रेशनकार्ड बरोबर न्यावे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०२२ पासून सर्व राज्यांत आहे, आधार जोडलेले असेल तर परराज्यातल्या दुकानातही धान्य मिळते. आम्हाला हे उशिरा कळले, तोवर ज्वारी विकत घेतली. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ग्रामसेवकाकडे नोंद करून ओळखपत्र घ्यावे. आणि बाळाचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पैशांबरोबर ठेवावे. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाचे कार्ड पाचटात जळाले आणि कोणता डोस झाला हे आईच्या आठवणीवर आले.

मार्चच्या मध्याला पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. अव्वा रस्त्यापर्यंत आली. लेकीला तिने “बा, बा” म्हणजे ये, ये म्हणून एकदा जवळ घेतले. परतताना टाकळीचा पूल उन्हात ओलांडला. १४ एप्रिलच्या जयंतीला आम्ही जळकोटात होतो. मिरवणुकीत लेक आजीच्या खांद्यावर होती आणि कोणी “बा” म्हटले की तिकडे झेपावत होती. गावात कोणी तसे म्हणेना, म्हणून आजीलाच ते शिकवले.

मे महिन्यात नऊ महिने भरले. गोवर-रुबेलाची लस द्यायला आम्ही तिला घेऊन गेलो. नर्सबाईंनी कार्ड उघडले, मधल्या एका रकान्यावर थांबल्या आणि विचारले, “हे काय लिहिलंय?”

आम्ही म्हणालो, आम्हालाही वाचता येत नाही. पण डोस झालाय.

त्यांनी रकाना बोटाने मोजला, मान हलवली आणि त्याखाली पुढची तारीख घातली.